जिवंत माणसासाठी वाजलेली घंटा

आमच्या कोर्पीसालोच्या चर्चची घंटा आता विजेवर वाजते. बटण दाबलं की सुरू होते, सोडलं की थांबते. वेळ अगदी बिनचूक. तक्रारीला जागाच नाही, आणि म्हणूनच की काय, तिच्याबद्दल कुणी चार शब्द बोलतही नाही. तिल्दा दोरी ओढायची त्या काळात घंटा वाजली की लोक बोलायचे. "आज म्हातारीचा खांदा धरलाय वाटतं." "आज कुणावर तरी चिडलेली आहे." "पाळकसाहेबांनी हिला कॉफी विचारलेली दिसत नाही." हे सगळं सरोवराच्या पलीकडच्या काठाला, होडीतलं वल्हं जरा थांबवून, नुसत्या आवाजावरून.

तिल्दाबद्दल सांगायचं तर आधी चर्चबद्दल सांगावं लागतं. तिचं लग्न झालं मलाकियास हाप्पोनेनशी, पण संसार केला तो चर्चशी.

हे आमचं तिसरं चर्च. पहिलं दलदलीत खचलं. दुसरं वीज पडून जळालं. त्या वेळी आत नरकातल्या आगीवरच प्रवचन चाललं होतं असं सांगतात, पण आमच्या लोकांना गोष्ट नटवायची खोड आहे. तिसऱ्याच्या वेळी ठरलं की प्रत्येक वाडीने आपापले ओंडके हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावरून ओढत आणायचे. सगळ्यांनी आणले. लेहतोलावाल्यांनी आखूड आणले. त्यामुळे क्रुसाच्या आकाराच्या आमच्या चर्चचा दक्षिणेकडचा हात बाकीच्या तिघांपेक्षा तोकडा आहे. ही पणजोबांच्याही पणजोबांची गोष्ट. पण लेहतोलाच्या माणसाने दुकानात दोरखंड मागितला की दुकानदार येरेमियास अजून विचारतो, "तुमच्या मापाने देऊ की आमच्या?"

भिंती तांबड्या, छपरावर लाकडी कौलं, आणि कौलांवर पाइनच्या लाकडाचं काळं डांबर. कौलं बदलायची वेळ आली की प्रत्येक घराने एक माणूस आणि एक पिंप डांबर द्यायचं हा रिवाज. घंटाघर चर्चपासून वेगळं, जरा लांब. घरातलं माणूस रुसून अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहावं तसं.

त्या घंटाघरात मलाकियास घंटा वाजवायचा. त्याची कंबर गेल्यावर त्याच्या नावावर तिल्दा वाजवू लागली, आणि तो वारल्यावर मंडळीच्या बैठकीत प्रश्न आला की बाईने घंटा वाजवावी का. बराच खल झाला. शेवटी तिल्दाला आत बोलावलं.

"तुझं काय म्हणणं आहे?"

"माझं काही नाही," ती म्हणाली. "घंटेला विचारा. तिची काही तक्रार असेल तर सोडते."

योग्य पुरुष मिळेपर्यंत तात्पुरती सोय म्हणून तिला ठेवलं. ही तात्पुरती सोय तिच्या केसांची पार चांदी होईपर्यंत चालली. योग्य पुरुषाचा शोध बहुधा अजून चालू असावा.

उंचीने ती बेताची, खांदे मात्र लाकूडतोड्याचे. बोलणं तोडून. रविवारी दोन्ही घंटा एकदम वाजवायची, शनिवारी संध्याकाळी रविवारची वर्दी द्यायची, आणि कुणी गेल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी वाजवायची. पुरुष गेला तर आधी थोरली, बाई गेली तर आधी धाकटी. शेतात माणसं विळा खाली ठेवून, टोपी काढून उभी राहायची. थोरली की धाकटी एवढं कळलं की कोण ते आपोआप कळायचं, कारण आमच्याकडे कोण आजारी आहे हे सगळ्यांना पाठ असतं.

या घंटेचे दोन नियम होते. एक, ती सावकाश वाजवायची. एक ठोका पाण्यावरून पूर्ण विरला की मगच दुसरा. दुसरा नियम, मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी दोरीला हात लावायचा नाही. तो नियम कुणी का केला, कुणालाच ठाऊक नाही. नियम होता एवढं मात्र पक्कं.

चव्वेचाळीस सालच्या उन्हाळ्यात थोरली घंटा फार वाजली. युद्धाच्या आघाडीवरची बातमी घेऊन पाळकसाहेब स्वतः घरी यायचे, त्यामुळे त्यांची सायकल रस्त्याला दिसली की बाया आत जाऊन पडदे ओढायच्या. वास्तविक माणूस लोण्यासारखा मऊ, पण त्या दिवसांत त्यांच्या सायकलीला कुत्रीसुद्धा भुंकायची नाहीत. एक दिवस ती सायकल सोर्वाला नावाच्या शेतघराच्या वाटेला वळली. तिथे अमांडा राहायची, विधवा, दोन गायी आणि एकुलता एक मुलगा नेस्तोरी. त्याला दलदलीत पडताना बरोबरच्यांनी पाहिलं होतं. शव मिळालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिल्दाने नेस्तोरीसाठी घंटा वाजवली, आणि ती विचित्र वाजली. भराभर वाजली. एक ठोका विरायच्या आत दुसरा. दोन-चार जण तर आग लागली समजून बादल्या घेऊन धावले. पाळकसाहेबांनी तिल्दाला बोलावून झापलं. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. चूक झाली, पुन्हा होणार नाही, म्हणाली.

पानं गळायच्या सुमाराला अमांडा गेली. आजार काही मोठा नव्हता. तिच्यासाठी धाकटी घंटा वाजली, नियमाप्रमाणे, सावकाश.

आणि पहिला बर्फ पडल्यावर नेस्तोरी घरी आला.

मेला नव्हता, पकडला गेला होता. तह झाला, कैदी सोडले, तसा तोही सुटला. हाडांचा सापळा आणि वर कुणा दुसऱ्याचा कोट. घरी गाय नाही, चूल थंड. शेजाऱ्यांनी त्याला बसवून सगळं सांगितलं. आई गेली ते सांगितलं, आणि आपल्या लोकांना जिथे थांबायचं तिथे थांबता येत नाही, म्हणून हेही सांगितलं, "तुझी घंटा म्हणजे अशी पळत सुटली होती बाबा, काय सांगू!"

बातमी कळली तशी तिल्दा सोर्वालाला गेली. अंगणात उभी राहिली. नेस्तोरी दारात आला.

"तिल्दा मावशी," तो म्हणाला, "चूक कुणाचीही होते. मी मेलो असं तुला कुणी सांगितलं, तू वाजवलीस. त्याचं काही नाही. पण माझ्या आईला या जगात तेवढंच एक ऐकायचं उरलं होतं. तेही तू उरकून टाकलंस. गाईचं शेण काढावं तसं."

तिल्दा अंगणातून हलली नाही.

"पुन्हा तुझ्या घंटेच्या आवाजात मी चर्चची पायरी चढणार नाही," असं म्हणून त्याने दार लावलं.

आणि शब्द पाळला. शनिवारी संध्याकाळी घंटा सुरू झाली की हा कुऱ्हाड घेऊन रानात. आईची कबर चर्चच्या आवारात, म्हणून तिकडेही नाही. नाताळच्या संध्याकाळी आमच्याकडे प्रत्येक कबरीवर मेणबत्ती लागते, बर्फावर नुसता उजेड पसरतो. अमांडाच्या कबरीवरही लागायची. ती तिल्दा लावायची. स्वतःच्या नवऱ्याच्या आधी.

दहा वर्षं हे असं चाललं. तिल्दाचा उजवा खांदा उतरू लागला. दोरी ओढताना ती आता ओठ चावायची. आमच्या घरी एकदा आली असताना माझ्या बायकोने विचारलं, "मावशी, आता सोडा की हे. कशासाठी जीव काढताय?"

"तो एकदा दारातून आत येऊ दे," ती म्हणाली. "मग बटण लावा नाहीतर कोंबडा बसवा."

'तो' म्हणजे कोण हे कुणी विचारलं नाही. तिल्दाला या जगात एवढंच हवं होतं, हे सगळ्या कोर्पीसालोला ठाऊक होतं. नेस्तोरीलाही असणार.

मग चोपन्न सालच्या उन्हाळ्यात छप्पर बदलायला निघालं. प्रत्येक घरातून एक माणूस. सोर्वालातून कोण येणार यावर दुकानात बोलणं चाललं होतं, तेवढ्यात नेस्तोरीच डांबराचं पिंप घोडागाडीवर घालून चर्चसमोर हजर झाला.

पाळकसाहेबांना इतका आनंद झाला की ते टोपी विसरून बाहेर आले. "ये, नेस्तोरी, ये! आत ये!"

"आत नाही," नेस्तोरी म्हणाला. "वर. छप्पर तुमचं नाही, घरांचं आहे. माझ्या घराचा वाटा आहे तो मी देणार. शिडी कुठे आहे?"

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे एवढी एकच चर्चा. माणूस चर्चच्या डोक्यावर बसला आहे, पण चर्चमध्ये आलेला नाही. मग हा आला म्हणायचा की नाही? पाळकसाहेब खाली पोरांना दहा आज्ञा शिकवत आणि वरून ठक ठक ठक. एकदा वैतागून बाहेर आले, मान वर करून ओरडले, "अरे, सहावी आज्ञा होईपर्यंत तरी थांब!"

"सांगा, सांगा, ऐकू येतंय," वरून आवाज आला. "पाचव्यापर्यंतचं ऐकलं."

येरेमियासने दुकानात निकाल देऊन टाकला. "देवाच्या जास्त जवळ कोण? आपण बाकावर, तो कौलांवर. हिशेब करा."

लेहतोलाचा एक जण म्हणाला, "छपरावरचा माणूस धरायचा तर आमच्या बाजूचा धरा. आमच्या हाताला तेवढीच भर."

तिल्दा हसली नाही. ती रोज दुपारी कॉफीची किटली घेऊन यायची. युद्धापासूनचं रेशन उठून कॉफी पुन्हा मनसोक्त मिळू लागली होती, आणि माणसं बशीत ओतून, साखरेचा खडा दातात धरून, डोळे मिटून प्यायची. सगळ्यांना ती स्वतः द्यायची. नेस्तोरीचा कप शिडीच्या खालच्या पायरीवर ठेवायची आणि पाठ फिरवायची. ती गेल्यावर तो खाली उतरून प्यायचा. कप धुऊन पालथा घालायचा. एवढाच काय तो दोघांचा संवाद.

चर्च झालं, शेवटी घंटाघर राहिलं. त्याच्या टोपीसारख्या टोकदार छपरावर चढायला नेस्तोरीशिवाय कुणी तयार नव्हतं. एका शनिवारी तो वर होता, आत घंटांच्या बाजूच्या फळीवर उभा राहून, झरोक्यातून हात बाहेर काढून कडेची कौलं ठोकत होता. मी खाली दाराशी डांबराची कढई ढवळत होतो. बाकीचे आंघोळीला म्हणून घरी गेले होते. आमच्याकडे शनिवारी सौना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली, तापवायची ती घंटेच्या हिशेबाने. घंटा झाली की घरधनी पहिला आत शिरतो, मागून पोरंबाळं.

तिल्दा वेळेवर आली. मला मान हलवून आत गेली. दोरीला हात घातला आणि वर पाहिलं.

"नेस्तोरी, उतर खाली. कान जातील."

ठोकायचा आवाज थांबला. मग वरून तो म्हणाला, "वाजव की. माझ्यासाठी वाजवलीस तेव्हा मला कुठे विचारलं होतंस?"

"उतर म्हणते ना."

"मला ऐकायचंच आहे, मावशी. सगळ्या गावाने ऐकली, मीच तेवढी ऐकली नाही. वाजव तशीच. पळत पळत. बघू तरी तुला कसली घाई झाली होती."

मी कढईतली काठी तशीच धरून उभा राहिलो. वाटलं आता म्हातारी त्याला चार शब्द सुनावणार. पण ती जिन्याच्या पायरीवर बसली. दोरी हातातच होती.

"ती मी नव्हते वाजवत," ती म्हणाली.

वर हातोडा फळीवर ठेवल्याचा आवाज झाला.

"तुझी आई होती."

मग तिने सांगितलं. कुणाला तरी भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं, तितक्या साध्या आवाजात.

"मी पहिला ठोका दिला होता. दुसरा द्यायच्या आत ती दारात. गाय दोहताना उठून आलेली. एप्रनवर दूध, पायात गोठ्यातले बूट. मला म्हणाली, बाजूला सर. मी म्हटलं, अमांडा, घरच्यांनी दोरीला हात लावायचा नसतो. ती म्हणाली, त्याला चालायला मी शिकवलं, तेव्हा कुणी सांगायला आलं नव्हतं. सर. आणि माझ्या हातातून दोरी घेतली."

तिल्दाने दोरीवरचा एक हात काढला. खांदा चोळला.

"म्हणाली, तू फार सावकाश वाजवतेस. माझा पोरगा जन्मात कधी सावकाश चालला नाही. शाळेत पळत गेला, चर्चला पळत आला, आघाडीवर गेला तोही गाडीच्या मागे पळत. लोकांना कळू दे ना, कुणाची घंटा आहे ते. आणि अशी वाजवली, अशी वाजवली, नेस्तोरी... मी भिंतीला टेकून उभी होते. थोरली घंटा ही. मला एवढी वर्षं झाली, माझ्या हातून ती तशी कधी वाजली नाही."

चर्चच्या पलीकडे सरोवरावर कुणाची तरी होडी मधोमध थांबलेली दिसत होती. घंटा का होत नाही म्हणून थांबली असणार.

"रडली का?" वरून आवाज आला.

"नाही. दोरी माझ्या हातात दिली. हात एप्रनला पुसले. म्हणाली, पाळकांना सांगू नकोस, नसती कटकट. आणि सोर्वालाच्या शेजाऱ्यांना तर मुळीच नको, म्हणतील अमांडाला वेड लागलं. मी शब्द दिला. मग म्हणाली, गाय अर्धी राहिलीय, आणि गेली."

"दहा वर्षं, मावशी," नेस्तोरी म्हणाला. आवाज आता फळीच्या जवळून, खालून येत होता. बहुतेक तोही बसला असावा. "दहा वर्षं मी तुला शिव्या दिल्या. आणि तू गप्प."

"शब्द तिला दिला होता, तुला नाही. आणि तुला काय सांगायचं होतं? जिवंत मुलाच्या मरणाची घंटा आईने स्वतःच्या हाताने वाजवली, हे? मला वाटलं, माझ्यावर रागावलेला बरा. माझे खांदे रुंद आहेत."

एवढ्यात रस्त्यावर धावपळ ऐकू आली. घंटा झाली नाही म्हणून लोक घराबाहेर पडले होते. सौना तापून लाल झालेल्या, घरधनी पंचा गुंडाळून दारात उभे, आणि घंटेचा पत्ता नाही. पहिला येरेमियास पोचला, ओले केस, उलटी घातलेली बंडी.

"तिल्दा गेली काय रे?" त्याने मला धापा टाकत विचारलं. "आणि गेली असेल तर वाजवणार कोण?"

"जिवंत आहे," आतून तिल्दा म्हणाली. "तू घरी जा, येरेमियास. बायका बघतायत."

नेस्तोरी जिन्याने खाली आला. डांबराने हात काळे, तोंडावर काळे पट्टे, आणि त्या पट्ट्यांमध्ये दोन स्वच्छ रेघा. त्याने दोरीकडे पाहिलं. हात लावला नाही. तिल्दाजवळून बाहेर पडताना तिच्या उतरलेल्या खांद्यावर हात ठेवला, आणि डोक्यावरून खांद्यावर आलेल्या तिच्या पांढऱ्या रुमालावर पाच काळी बोटं उमटली. माझ्याकडे न बघता तो निघून गेला. तिल्दा उठली आणि घंटा वाजवू लागली. त्या शनिवारी कोर्पीसालोच्या सगळ्या सौनांतलं पाणी थोडं जास्तच उकळलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार.

आमच्या चर्चमध्ये वेदीकडे तोंड करून बसलं की बाया डावीकडे आणि पुरुष उजवीकडे. नवरा-बायको दारापर्यंत बरोबर येतात, आत आल्यावर आपापल्या बाजूला. कुणी सांगावं लागत नाही. लहान पोरालासुद्धा पायाने कळतं कुठे वळायचं. आणि प्रत्येक घराचा बाक ठरलेला. माणसं बदलतात, बाक तोच. सोर्वालाचे दोन्ही बाजूंचे बाक कित्येक वर्षं रिकामे होते. त्या जागेवर कुणी बसत नसे. मुद्दाम नव्हे, तशी सवय नव्हती.

घंटा चालू असताना दार उघडलं. नेस्तोरी आत आला. कोट बापाचा असावा, खांद्याला घट्ट होत होता. टोपी हातात. दाराशी उभा राहिला. उजवीकडे पुरुषांनी सरकून जागा केली. त्याने तिकडे पाहिलंही नाही. डावीकडे वळला, बायांच्या रांगांमधून चालत गेला, आणि सोर्वालाच्या बाकावर, खिडकीच्या बाजूला, जिथे अमांडा बसायची तिथे बसला.

मी माझ्या उभ्या आयुष्यात त्या बाजूला पुरुष बसलेला पाहिला नव्हता. सगळं चर्च बघत होतं. पाळकसाहेब वेदीपाशी पुस्तक उघडून उभे, तोंडही उघडं. नेस्तोरीच्या पुढच्याच बाकावर म्हातारी फ्रेद्रिका बसलेली. ही बाई म्हणजे रिवाजाची पोलीस. मुलीने चर्चमध्ये रुमाल मागे सरकवला तर बाहेर येऊन आईला जाब विचारणारी. ती वळली. त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिने आपलं गीतांचं पुस्तक उचललं, पान काढलं, मागे हात करून त्याच्या मांडीवर ठेवलं, आणि पुन्हा समोर बघू लागली. ती सगळी गीतं तिने पाठ म्हटली.

घंटा थांबली. तिल्दा नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या शेवटी आली. तिची जागा दाराजवळ, बायांच्या बाजूला, शेवटच्या बाकावर. बसता बसता तिला पुढे, रुमालांच्या रांगेत, एक उघडं पुरुषी डोकं दिसलं. ती बसली नाही. तशीच बाकाची कड धरून उभी राहिली. गीत सुरू झालं तेव्हा सगळेच उभे राहिले, त्यामुळे ती एकटी उभी आहे हे फारसं कुणाला कळलं नाही. सगळे बसले तरी ती उभीच होती. शेजारच्या बाईने पदर ओढावा तसा हळूच तिचा झगा ओढला, तेव्हा बसली.

त्या दिवशीचं प्रवचन कशावर होतं हे मंडळीतल्या एकालाही सांगता येणार नाही. पाळकसाहेबांनाही येईल असं वाटत नाही.

उपासना संपली. माणसं बाहेर पडून, उन्हात उभी राहून, दुसरंच काहीतरी बोलू लागली. गवत, मासे, येरेमियासची उलटी बंडी. नेस्तोरी आधी बाजूच्या वाटेने कबरींकडे गेला. किती वेळ गेला ते आम्ही मुद्दाम पाहिलं नाही. परत आला तेव्हा तिल्दा घंटाघराच्या दाराला कडी घालत होती. उजवा हात वर जात नव्हता, म्हणून डाव्याने.

त्याने पुढे होऊन कडी घातली.

"वरची एक रांग राहिलीय, मावशी," तो म्हणाला. "उद्या येतो."

"सकाळी ये," तिल्दा म्हणाली. "दुपारी कौलं तापतात."